फ्यूज कुणाच्या खिशात

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसांची एक रीत आहे. लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वरखाली करते त्याला ते शाफ्ट म्हणतात. त्यात उतरायचं असेल तर आधी गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जायचं, मेन फ्यूज उपटायचा आणि स्वतःच्या खिशात घालायचा. पाटी लावून भागत नाही. "आत माणूस आहे" असं ओरडून भागत नाही. ज्याचा जीव शाफ्टमध्ये, त्याच्याच खिशात फ्यूज. मुठीत मावेल एवढा चिनी मातीचा पांढरा ठोकळा असतो तो.

मी जिची हकीकत सांगतोय ती तेव्हा सतरा वर्षांची होती. इतकी काटकुळी, की खरं नाव मागे पडलं आणि सगळे तिला 'वायर' म्हणायला लागले. तिने हे मला आमच्या भाडेकरू संघाच्या खोलीत बसून सांगितलं. काही गोष्टींना मी स्वतः हजर होतो. मला लिहिण्याचं शिक्षण नाही. जे शिकलो ते नोटिसा वाचून आणि नोटिसांना उत्तरं देऊन. तेव्हा सरळ सांगतो.

वायरचा सख्खा बाप ती नऊ वर्षांची असताना गेला. तो ज्याची गाडी चालवायचा त्या माणसाला सगळा भाग 'आबा' म्हणायचा, थोडे प्रेमाने, बाकीचे घाबरून. आबांचा धंदा इमारती रिकाम्या करून द्यायचा. मालकाला जुनी इमारत पाडायची असते, आत भाडेकरू चिकटून बसलेले असतात, मग मालक आबांना बोलावतो. आबा कुणाच्या अंगाला हात लावत नसत. आधी नळाचं पाणी जायचं. मग जिन्यातले दिवे. मग एखाद्या दुपारी आबा स्वतः यायचे आणि विचारायचे, "कशाला हाल करून घेता, काकू?" आवाज असा, जणू जखमेवर मलम लावतायत. त्या आवाजाने माझं डोकं फिरायचं. अजून फिरतं.

ती बारा वर्षांची झाली तेव्हा आईने दुसरं लग्न केलं, एका लिफ्टवाल्याशी. जाड भिंगाचा चष्मा, बोटांच्या पेरांत कायमचं ग्रीस, आणि दिवसाला मोजून दहा शब्द. ती त्याला 'काका' म्हणायची. त्याने 'बाबा म्हण' असं कधी सुचवलंही नाही.

दहावीच्या वर्षी तिची हजेरी कमी भरली. हेडमास्तर म्हणाले, परीक्षेला बसता येणार नाही. काका रजा टाकून शाळेत गेला आणि हेडमास्तरांच्या दाराबाहेर चपला हातात धरून दोन तास उभा राहिला. आत जायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी आबा गेले. दार ढकललं, खुर्ची ओढली, बसले, म्हणाले, "मास्तर, ही माझी पोर." चार मिनिटांत काम झालं. बाहेर आल्यावर आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझा बाप माझा माणूस होता. तू माझी जबाबदारी."

"त्या दिवशी मला काकांची लाज वाटली," ती मला म्हणाली. "त्या चपलांची जास्त."

दहावी झाली आणि ती काकाच्या हाताखाली काम शिकायला लागली. हात हुशार. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला लावून मूठ कानाशी धरायची आणि बेअरिंग कुठे किरकिरतंय ते ऐकायचं, हे तिला आठवड्यात जमलं. काकाने फ्यूजची रीत पहिल्याच दिवशी शिकवली आणि त्या दिवशी दहाऐवजी तीस शब्द खर्च केले. "माझे उस्ताद शाफ्टमध्ये गेले. फ्यूज त्यांनी मशीनवर ठेवला होता. एका गृहस्थाला वर जायचं होतं. त्याने बघितलं, फ्यूज पडलाय, लावून टाकला. वाईट मनाने नाही. घाई होती."

आता ती इमारत. सात मजले, जुनी जाळीच्या दरवाजांची लिफ्ट. पंचवीस घरांपैकी चार उरलेली. सहाव्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान; यजमानांना नळी लावून ऑक्सिजन चालू. बाईंनी आबांना दारातूनच सांगितलेलं, "मी चाळीस वर्षं मुलांना बाहेर उभं केलंय. मला कोण बाहेर काढतं बघू." असल्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना धमक्या द्याव्या लागत नाहीत. लिफ्ट मेली की माणसं आपोआप जिवंतपणी पुरली जातात. हे आबांना माझ्याआधी कळलं होतं.

आबांनी वायरला गाडीत बसवलं. पुढे नवा ड्रायव्हर, तिच्या बापाच्या जागेवर. आबा म्हणाले, "मोडतोड नको. काहीतरी बारीक. तुझा काका दुरुस्त करेल, पुन्हा बिघडेल. लोक कंटाळतील. कुणाला लागणार नाही." आणि मग, "हे दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं. पण तू घरची."

प्रत्येक मजल्याच्या जाळीला एक पितळी पट्टी असते, चौकटीला दुसरी. जाळी पूर्ण लागली की पट्टी पट्टीला टेकते आणि मगच लिफ्ट हलते. जाळी उघडी असेल तर काही केलं तरी हलत नाही. वायरने पाचव्या मजल्यावरची पट्टी पकडीने केसभर वाकवली. लिफ्ट मनाला येईल तेव्हा अडायला लागली. काकाने सरळ केली. तिने पुन्हा वाकवली. असं तीनदा. मी तिला विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाली, "नाही ना. मला वाटायचं मी मोठी झाले."

तिसऱ्या खेपेला लिफ्ट दोन दिवस बंद होती आणि शिक्षिकाबाईंच्या यजमानांना दवाखान्यात हलवायची वेळ आली. सहा मजले. त्यांना खुर्चीला बांधलं. पुढून मी, मागून काका, एका बाजूला बाई, आणि ऑक्सिजनची टाकी घ्यायला वायर. प्रत्येक वळणावर खुर्ची भिंतीला घासायची. त्यांचे ओठ निळे पडलेले, तरी चौथ्या मजल्यावर ते पुटपुटले, "पालखी जरा हळू... राजा जुना आहे." आम्ही हसलो. वायर हसली नाही. टाकी तिच्या हातून पायरीपायरीवर कठड्याला आपटत होती. मी तिच्यावर खेकसलो, "नीट धर गं, तुझ्या हातात जीव आहे त्यांचा!" मला तरी काय ठाऊक, मी काय बोललो ते.

यजमान वाचले. बाईंनी सरकारी लिफ्ट निरीक्षकाकडे तक्रार केली. निरीक्षक शुक्रवारी येणार असं ठरलं.

त्या संध्याकाळी घरी काका हत्यारं पुसत बसला होता. त्याने वायरची पकड उचलली, दिव्याखाली धरली. पकडीच्या जबड्यातला एक दात तुटलेला होता. पितळी पट्टीवर जी खूण उमटली होती तिच्यातही एक दात कमी होता. काकाने पकड खाली ठेवली आणि स्वतःची, लाल मुठीची, तिच्यापुढे सरकवली.

"ही वापर. तुझी झिजलीय."

एवढंच. ओरडला असता, थोबाडीत दिली असती तर बरं, असं तिला वाटलं. आई आतून म्हणाली, "एवढे गप्प का रे दोघं?" काका म्हणाला, "हत्यारं पुसतोय."

आणि इथे तिने ती चूक केली. घाबरलेलं पोर ज्याला खंबीर समजतं त्याच्याकडे धावतं. दुसऱ्या सकाळी ती आबांकडे गेली आणि म्हणाली, "आबा, काकांना कळलंय. शुक्रवारी निरीक्षक विचारणार. ते खोटं बोलत नाहीत."

आबा वर्तमानपत्राची घडी घालत होते. घडी नीट घातली, कडेवरून नख फिरवलं. "बरं झालं मला सांगितलंस. उतरणार कधी तो?"

"गुरुवारी. सगळं तपासून ठेवायला."

"काहीतरी सांगून फ्यूज त्याच्याकडून मागून घे. गुरुवारी तो आत गेला की मला दे. तू खाली जा, चहा पी. बाकी तुला काही माहीत नाही."

"काकांना काय होईल?"

"लिफ्टच्या धंद्यात काय काय होतं, तूच सांगत होतीस ना मला?" आबा हसले. "अपघात झाला की लिफ्टला टाळं. निरीक्षकच लावेल. म्हातारी महिन्यात खाली. आणि पकड कुणाची, हा प्रश्नच राहत नाही. नाहीतर पोलीस तुझ्या आईच्या दारात येतील, आणि मग मी तरी काय करू? मी तुझ्यासाठी करतोय हे, पोरी."

डोक्यावर पुन्हा हात. ती म्हणते, तो हात कोमट होता.

माझ्याकडे यायचं ना! आमची खोली दोन गल्ल्या सोडून होती. तिला हे मी फार नंतर ओरडून विचारलं, आणि ती म्हणाली, "तुम्ही सगळ्यांवरच ओरडता."

बुधवारी जेवताना तिने प्रयत्न केला.

"काका, उद्या नका जाऊ."

"का?"

"असंच."

काकाने तिच्याकडे बघितलं. चष्म्यामागचे डोळे मोठे दिसायचे त्याचे. तो वाट बघत राहिला. तिच्या जिभेवर सगळं आलं होतं. मग आई पाणी घेऊन आली, आणि तिने मान खाली घातली.

गुरुवार, सकाळचे अकरा. गच्चीवरची मशीन रूम म्हणजे पत्र्याच्या दाराची एक खोली. मध्ये मोटर, वर मोठं चाक, भिंतीला पॅनेल, जमिनीत एक चौकोनी भोक, त्यातून लोखंडी दोर खाली अंधारात जातात. काकाने फ्यूज उपटला. हातात तोलला. आणि खिशात घालायच्याऐवजी तिच्यापुढे धरला.

"धर. आजपासून खिसा तुझा."

ती दोन पावलं मागे सरली. "नको. तुमच्याकडेच ठेवा. तुम्हीच म्हणता ना..."

"चाक हाताने फिरवायला वर कुणीतरी लागणार. मध्ये करंट देऊन बघायचा झाला तर फ्यूजही वरच लागणार. मी ओरडलो की लावायचा, ओरडलो की काढायचा." तो थांबला. त्याच्याजवळचे शब्द संपत आले होते. "वीस वर्षांत कुणाला दिला नाही."

"मग मला कशाला?"

"तू कधीतरी घेणारच ना."

त्याला पकडीचं माहीत होतं. तरी दिला. मी काकाला या गोष्टीवरून पुष्कळ झाडलंय, हा मूर्खपणा होता असं तोंडावर सांगितलंय. त्याचं उत्तर ठरलेलं: "होता."

काका पाचव्या मजल्यावर गेला, जाळी उघडून लिफ्टच्या टपावर उतरला, आतून जाळी लावून घेतली. भोकातून त्याचा आवाज वर आला, विहिरीतून यावा तसा. "वायर, पाव फेरा." तिने ब्रेक सैल केला, चाक पाव फेरा फिरवलं. "बस्स."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. जड, थांबत थांबत.

पत्र्याचं दार सरकलं आणि आबा आत आले, मागे ड्रायव्हर. लिफ्ट बंद, म्हणून सात मजले चढून आलेले. वायरने आबांना धापा टाकताना पहिल्यांदाच बघितलं. शर्ट पाठीला चिकटलेला, तोंड उघडं, कानाच्या पाळ्या लाल. ते काकाच्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ त्यांना बोलताच येईना.

"किती... पायऱ्या आहेत रे या?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"मोजल्या नाहीत, आबा."

तिच्या डोळ्यांपुढे खुर्चीला बांधलेले यजमान आले, त्यांचे निळे ओठ. इतकंच. धीरबीर काही आला नाही तिला. उलट ओढणीचं टोक तोंडात गेलं.

आबांनी तळहात पुढे केला. "दे."

खालून आवाज आला. "वायर? अजून जरासं. बोटभर."

आबांनी ओठांवर बोट ठेवलं. मग कुजबुजले, "फिरव, फिरव. त्याला संशय नको." तिने चाकाला हात लावला. घामाने तळवा सटकला. दुसऱ्यांदा फिरलं.

"बस्स. कोण आलंय का गं वर?"

ओरडायचं होतं तिला. एक शब्द पुरे होता. पण तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. ड्रायव्हर दारात आडवा उभा होता. आबा स्टुलावरून उठले, तिच्या मानेवर हात ठेवला, चिमटीत धरल्यासारखा, आणि कानाशी म्हणाले, "माझी शहाणी पोर. खिशात आहे ना? काढ."

तिने खिशात हात घातला. फ्यूज गरम झाला होता, तिच्याच अंगाने. तिने तो बाहेर काढला. आबांची बोटं त्याच्याकडे आली. तिची मूठ आबांच्या तळहाताच्या वर होती, वीतभर, आणि शेजारीच ते चौकोनी भोक.

तिने मूठ भोकावर नेली आणि उघडली.

फ्यूज दोराला एकदा घासला. मग काहीच नाही. मग खाली पत्र्याच्या टपावर ठाण्ण करून आवाज झाला आणि सगळा शाफ्ट दणाणला.

वीस वर्षं ज्याने फ्यूज खिशाबाहेर ठेवला नाही त्याला तो पायाशी पडलेला बघून काय कळायचं ते कळलं असणार. कारण पुढच्या श्वासाला पाचव्या मजल्यावरची जाळी खडखडली.

"तार लाव!" आबा ओरडले. तो मलमाचा आवाज गेला, दुसराच कुठला तरी आला. त्यांनी तिला भिंतीवर ढकललं. तिचं डोकं पॅनेलच्या कडेला आपटलं, भुवईवर अजून खूण आहे. ड्रायव्हरने काकाच्या भेंडोळ्यातून तारेचा तुकडा तोडला, दोन टोकं फ्यूजच्या जागी खुपसली. ठिणगी उडाली. पॅनेलमध्ये दिवा लागला. त्याने पॅनेलवरचं बटण दाबलं, आतला खटका कट्‌कन वाजला.

मोटर हलली नाही.

ड्रायव्हरने पुन्हा तार दाबली. पुन्हा कट्. पुन्हा काही नाही. आणि भिंतीशी रक्त पुसत बसलेल्या वायरला उमगलं की काकाने पाचव्या मजल्याची जाळी नुसती उघडली नव्हती, उघडी धरून ठेवली होती. जाळी उघडी, पट्ट्या सुट्या, लिफ्ट गप्प. तीच पितळी पट्टी, जी तिने तीनदा वाकवली आणि त्याने तीनदा सरळ केली.

मग काका ओरडला. दिवसाला दहा शब्दांचा माणूस जाळीत पाय रोवून चारी घरांच्या नावाने ओरडला आणि दारं उघडली. आबांना उतरायचं तर जिन्यानेच उतरावं लागलं. मजल्यामजल्यावर माणसं उभी. बाईंना त्यांनी नेहमीच्या आवाजात नमस्कार केला. बाई म्हणाल्या, "सावकाश उतरा. दम लागलाय तुम्हाला."

काका वर आला तेव्हा त्याच्या हातात फ्यूज होता, एक कोपरा उडालेला. चेहरा पांढराफटक. तिला वाटलं, आता जवळ घेईल. तो भडकला.

"फ्यूज असा टाकतात वरून? डोक्यात पडला असता म्हणजे?"

ती हसायला लागली आणि हसता हसता ओकली.

त्याच दुपारी दोघं आमच्या खोलीवर आली. आमचे वकील बसलेले होते. वायरने तुटक्या दाताची पकड टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "पट्टी मी वाकवायचे. आबांच्या सांगण्यावरून. पण मी." मला खुर्ची, निळे ओठ, सगळं आठवलं आणि मी टेबलावर मूठ आपटून उठलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. वकील म्हणाले, "पोरी, हे तू बोललीस तर गुन्हा तुझ्यावरही लागेल. फक्त आजचं सांग. पकडीचं राहू दे." ती दाराकडे बघायला लागली.

दारात काका उभा होता. चपला हातात.

त्याने चपला खाली ठेवल्या. आत आला. माझीच खुर्ची रिकामी होती, ती ओढली आणि बसला. चष्मा काढून पुसला.

"पकडीचं पण लिहा," तो वकिलांना म्हणाला. "मी इथेच बसतोय. तू बोल."

ती बोलली. दोन तास लागले, कारण मध्ये मध्ये रस्त्यावर गाडी थांबली की ती गप्प व्हायची आणि खिडकीकडे बघायची. तो प्रत्येक वेळी उठून खिडकीतून बघायचा, "दुसरी आहे" म्हणायचा आणि पुन्हा येऊन बसायचा.